‘लेन्स विचारलीच नाही’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. नवा बॉलहेड (ट्रायपॉडवर कॅमेरा धरणारा, गोळ्यावर फिरणारा भाग) घेऊन पहाटे भिगवण गाठलंत, समोर फ्लेमिंगो, आणि नॉब आवळला की फ्रेम दर वेळी खाली घसरत होती. ट्रिप वाया गेली याबद्दल मनापासून माफी मागतो. परत करायला आलात तेव्हा आमचा भाचा चढ्या आवाजात बोलला, तेही चुकलंच. त्याला समज दिली आहे.

पण तुम्ही लिहिलंय, "लेन्स कोणती हे विचारलंसुद्धा नाही, हाताला लागला तो डबा गळ्यात मारला." हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही. एकवीस वर्षं या काउंटरवर उभा आहे. कुणीही ट्रायपॉड मागितला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "वर काय लावणार?" बजेटचं नंतर. उत्तर मी बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवतो. रिव्ह्यू वाचल्यावर बिलबुक काढून बघितलं. शनिवार, रात्रीचे पावणेनऊ, शटर अर्धं खाली. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात "१८-१३५, घाटातले फोटो". गळ्यातल्या कॅमेऱ्यावर लेन्सही तीच छोटी होती, तिच्या हूडला चीर गेलेली, हेही आठवतंय. त्या लेन्सला हा हेड पुरेसा आहे, आजही छातीठोकपणे सांगेन. भिगवणला लावलेल्या त्या मोठ्या १५०-६०० लेन्सचं तुम्ही त्या रात्री नावही काढलं नाहीत. मित्राने आयत्या वेळी दिली असेल, होतं असं. पण मला ते स्वप्नात दिसणार होतं का?

"बॉक्सवर १० किलो लिहिलंय आणि दोन किलोला मान टाकतो." या रागात तथ्य आहे, पण तो आकडा मी छापलेला नाही. प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते, सगळ्यांना एकच मापटं नाही. वजन बरोबर बॉलच्या डोक्यावर असेल तर गोष्ट वेगळी. भरला हंडा डोक्यावर घेऊन बाई अर्धा मैल चालते, तोच हंडा हात लांब करून धरायला सांगा बघू.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. हेडमध्ये अडकवायची प्लेट कॅमेऱ्याच्या बुडाला लावलीय. लेन्सच्या कॉलरचा, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याचा, पाय वर फिरवलेला, रिकामा. दोन किलोची नळी पुढे लोंबतेय, त्यात ट्रायपॉडचा मधला दांडाही पूर्ण वर काढलाय. प्लेट त्या पायाला लावली असती तर तोल बॉलच्या वर आला असता आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं असतं. खरं तर उडत्या पक्ष्यांसाठी एवढ्या लेन्सला मी बॉलहेड दिलाच नसता, गिंबल, म्हणजे जड लेन्स तोलून फिरवू देणारा हेड, घ्या म्हटलं असतं. आणि होडीत बसणार हे कळलं असतं तर तेही नको, घरी जुन्या जीन्सची पिशवी शिवा, तांदूळ भरा, होडीच्या काठावर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. यात माझ्या गल्ल्यात एक रुपया पडत नाही.

आता तेलाचं. "तेलाचं कारण काढून हाकललं" असं लिहिलंत. बॉल फिरताना जड लागतो म्हणून आदल्या रात्री शिलाई मशीनचं तेल सोडलं, हे तुम्हीच भाच्याला सांगितलंत. हा हेड उभा राहतो तो बॉल आणि त्याभोवतीची वाटी यांच्या घर्षणावर. सायकलच्या ब्रेकच्या रबराला तेल लावून उतारावर निघाल्यासारखं झालं ते. असा पीस कंपनी परत घेत नाही, भुर्दंड मलाच. बॉल जड लागत होता तो बाजूच्या छोट्या नॉबमुळे, त्याने घर्षण कमी-जास्त करता येतं. तो दाखवायचा त्या रात्री शटरच्या घाईत माझ्याकडून राहून गेला. हे मान्य.

ऑनलाइन ७०० रुपये स्वस्त मिळतो, मिळत असेल. तिथे तेल पुसून देणारा कुणी बसलेला नसतो.

सर, आमच्या गल्लीत आता लोक आधी स्टार बघतात, मग पायरी चढतात. परवा एक मुलगा दारातून मोबाइल बघून परत फिरला. तुमच्याच रिव्ह्यूमुळे असं म्हणत नाही. काउंटरवर एखादी जड लेन्स ठेवून हेड लावून दाखवायचा विचार आहे, जागेचं बघतो. बाकीही सुधारणा चालू आहेत.

हेड घेऊन या, उघडून स्पिरिटने वाटी पुसून देतो, पैसे नकोत. पकड परत येईल का ते उघडल्यावरच कळेल. नाही आली तर मोठ्या हेडवर काहीतरी सूट जमवू. येताना ती १५०-६०० नक्की आणा. स्टारचं तुमच्या मनावर. सोमवारी दुकान बंद असतं.