थ्रॉटल बॉडी घरी साफ करा, पण तो मेसेज वाचून नको

सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. ‘गॅरेजवाले हे सांगणार नाहीत! एअर फिल्टरचा पाईप काढा, इंजिन चालू ठेवा, थ्रॉटल बॉडीत कार्ब क्लीनर नाहीतर पेट्रोल मारा, बोटाने झडप उघडून आतून पुसा. दर ५ हजार किलोमीटरला एवढं केलंत की लिटरमागे ४ किलोमीटर जास्त.’ खाली अंगठ्यांची रांग. माझ्या नऊ वर्षं जुन्या पेट्रोल गाडीची थ्रॉटल बॉडी मी पार्किंगमध्ये दोनदा साफ केली आहे, त्यामुळे या कामाला माझा विरोध नाही. मेसेजमधल्या जवळपास प्रत्येक वाक्याला मात्र आहे.

आधी ते ४ किलोमीटर. थ्रॉटल बॉडी म्हणजे हवेचा दरवाजा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दरवाजा उघडतो आणि हवा आत जाते. किती हवा गेली याचा अंदाज सेन्सरवरून घेऊन ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हिशेबात पेट्रोल सोडतो, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर उरलीसुरली चूक सुधारून घेतो. दरवाजाच्या कडेला काजळी बसली तर तेवढ्याच हवेसाठी तुमचा पाय केसभर जास्त दाबला जातो, बस. पेट्रोल हवेच्या मापानेच जातं, मग अ‍ॅव्हरेज एवढं वाढणार कुठून? फरक पडतो तो आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना. तेव्हा झडप जवळजवळ मिटलेली असते, हवा कडेच्या बारीक फटीतून येते, आणि काजळीचं कडं नेमकं तिथेच बसतं. सिग्नलला उभे आहात, एसी चालू आहे, आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा खाली-वर होतोय, गाडी थरथरून बंद पडतेय, अशी तक्रार असेल तर सफाईने आराम पडू शकतो. अ‍ॅव्हरेज कमी झालं असेल तर टायरमधली हवा बघा, चाक ब्रेकला घासतंय का ते बघा.

‘दर ५ हजार’ हा आकडा कुठून आला देवजाणे. ही घाण मुख्यतः इंजिनच्या पोटातून येते. तिथली तेलकट वाफ एका नळीने परत हवेच्या वाटेवर सोडलेली असते, तिला बारीक धूळ चिकटते. कुणाच्या गाडीत ती लवकर साचते, कुणाच्या उशिरा. माझ्या गाडीला पहिल्यांदा ५२ हजारांवर हात लावावा लागला. त्रास नसेल तर तिला हात लावू नका.

आता इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला. याच्यावर मला खरा राग आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात घातलेली गाडी बसते, कारण पिस्टनला हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. स्प्रेच्या दोन फवाऱ्यांनी एवढं होणार नाही, गाडी फार तर गचके खाऊन बंद पडेल. पण मेसेजमध्ये ‘पेट्रोल मारा’ आहे, आणि उत्साही माणूस बाटली घेऊन उभा राहतो. त्यात गरम इंजिन, उघडा पाईप, एखादं बॅकफायर (इंजिनातून उलटी आलेली ज्वाळा), आणि हातात पेट नक्की घेणारी वस्तू. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद पार्किंगमध्ये ती जमिनीलगत पसरून राहते. शिवाय काजळी नुसत्या फवाऱ्याने निघतच नाही, ती फडक्याने पुसावी लागते.

कार्ब क्लीनर हा कार्ब्युरेटरच्या जमान्यातला जहाल माल. रबराच्या रिंगा तो फुगवू शकतो. काही थ्रॉटल बॉडींना आतून गडद लेप दिलेला असतो, लोक तोच मळ समजून घासून काढतात, आणि मग आयडलिंग कधीच जागेवर येत नाही. डब्यावर ‘थ्रॉटल बॉडी क्लीनर’ असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. तोही फडक्यावर मारायचा, आत नाही, नाहीतर झडपेच्या दांड्यावाटे सेन्सरकडे उतरतो.

‘बोटाने झडप उघडा’ हे केबलवाल्या जुन्या गाड्यांना चालून जात होतं. आताच्या झडपेला मोटर आणि प्लॅस्टिकची दातेरी चाकं असतात. जोर केलात तर दात जातात. चावी चालू राहिली आणि झडप अचानक मिटली तर बोट गेलं. काही कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ती हाताने हलवायलाच मनाई असते. मी चावी काढतो, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडतो, आणि झडप हलक्या हाताने जेवढी सरकेल तेवढीच सरकवतो.

डिझेलवाल्यांनी हा मेसेज सरळ पुसून टाकावा. त्यांच्याकडे झडप असली तरी तिचं काम वेगळं आणि तिच्यावरची काजळीही वेगळी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. काजळी जमत जाते तसा ईसीयू झडप थोडी जास्त उघडी ठेवायला शिकतो. तुम्ही ती पुसता, पण त्याची सवय तीच, म्हणून आता हवा जास्त येते. पहिल्यांदा सफाई करून मी स्टार्टर मारला तर काटा १,५०० वर जाऊन बसला, खाली यायचं नाव नाही. मुलगा वरून गॅलरीतून ओरडला, “बाबा, गाडी का किंचाळतेय?” मला घाम फुटला. नेहमीच्या मिस्त्रीला फोन लावला, तर तो हसायला लागला. “काही बिघडलं नाही साहेब. एसी बंद ठेवून दहा मिनिटं चालू द्या, शिकेल ती. नाही शिकली तर घेऊन या, स्कॅनर लावून देतो.” काही गाड्यांना स्कॅनर, म्हणजे ईसीयूला जोडायचं यंत्र, लागतोच. माझी सातव्या-आठव्या मिनिटाला साडेसातशेवर आली.

या सल्ल्याचे त्याने एक रुपया घेतला नाही. आणि मेसेज म्हणतो, गॅरेजवाले सांगणार नाहीत.