एका वर्षाचा तक्ता

आज उपासनेनंतर आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, निरोपसमारंभ झाला. आमच्यातलेच एक तरुण जोडपे वर्षभरासाठी केनियाला सेवाकार्याला निघाले आहे. तो नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फिटर, ती जीएनएम झालेली नर्स, आणि लग्नाला अजून पुरती दोन वर्षेही झालेली नाहीत. मोंबासाजवळच्या किलिफी परगण्यात तिथल्या मंडळीचा एक छोटा दवाखाना आहे, तिथे दोघे राहणार आहेत. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, हार झाले, चहा-वडे झाले आणि सगळे मनासारखे चालले असताना मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्या मुलाच्या हातात एक छापील तक्ता ठेवला. दर महिन्याला भरून पाठवायचा म्हणे. भेटी दिलेली घरे किती, सुवार्ता ऐकलेली माणसे किती, ‘निर्णय घेतलेले’, म्हणजे ख्रिस्ताला स्वीकारायचे ठरवलेले, किती, आणि सर्वांत खाली फोटो, कमीत कमी दहा, त्यांपैकी निम्म्यांत तरी लहान मुले हवीत. मुलीने तक्ता वाचला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मावशी, यांना कंपनीत टार्गेटची सवय आहे, मलाच नाही.” ती हसली. मला मात्र हसू आले नाही. घरी येऊन जेवण झाले, भांडी झाली, तरी डोके शांत होईना, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझ्या यादीतले काही मित्र ‘मिशन’ हा शब्द दिसताच धर्मांतराचा वाद उकरून काढतील. त्यांना विनंती आहे की आजचा विषय तो नाही. आजचे भांडण आमच्या घरातले आहे.

त्या जोडप्याच्या मागे जो फलक लावला होता त्यावर ‘अंधारात ज्योत’ असे लिहिले होते. कुठला अंधार? केनियात दहांतली आठांहून अधिक माणसे ख्रिस्ती आहेत आणि आपल्या महाराष्ट्रात शंभरांत एकही धड भरत नाही. रविवारी आमच्या देवळात मागचे चार बाक रिकामे असतात आणि कोरसमध्ये पुरुषांचा आवाज शोधावा लागतो. किनारपट्टीवर मुसलमान वस्ती मोठी आहे आणि सगळीकडची स्थिती सारखी नाही, एवढे मान्य करते. पण म्हणून आपण ज्योत आणि ते अंधार, हा हिशेब कुणी मांडला? गोऱ्या लोकांनी एके काळी आपल्याबद्दल हीच भाषा वापरली तेव्हा आपल्या वाडवडिलांना ती किती झोंबली असेल, याचा विचार फलक रंगवून घेताना एकाही पंचाच्या मनात आला नाही याचे मला खरोखर नवल वाटते.

मी हे ऐकीव बोलत नाही. माझी आई नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मिशन दवाखान्यात नर्स होती आणि आम्ही कंपाउंडमध्येच राहायचो. मी सातवीत असताना हॉलंडहून एक तरुण जोडपे वर्षभरासाठी तिथे आले. दोघेही उंच, हसरी आणि उन्हाने लाल झालेली. आल्या आल्या साहेबांनी ठरवले की कंपाउंडमधल्या बायकांचा धूर थांबवायचा. पत्रा, काच आणि काळा रंग आणून त्यांनी एक मोठी सौरचूल उभी केली. तशी चूल कुणीही मागितली नव्हती. दवाखान्यातल्या बायका पहाटे पाचला भाकऱ्या थापून ड्युटीवर जात आणि दिवेलागणीला परत येऊन पुन्हा चूल पेटवीत. भर उन्हाच्या वेळी त्यांतली एकही घरी नसे. पण चूल झाली, तिचा फोटो झाला, फोटोसाठी आईला इस्त्रीची साडी नेसून रिकाम्या पातेल्याशेजारी उभे राहावे लागले आणि तो फोटो तिकडच्या कुठल्याशा पत्रकात छापून आला. पुढच्या पावसाळ्यापासून त्या चुलीत आमच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. तिचा एवढा उपयोग मात्र निश्चित झाला.

ती चूल वाईट माणसाने बांधली नव्हती, हे मला आज तक्ता पाहताना आठवले. त्या साहेबांनाही तिकडे कुणीतरी विचारत असणार की महिन्याभरात काय केले, दाखवा. वर्ष हातात, भाषा येत नाही, आणि दर महिन्याला काहीतरी दिसणारे पाठवायचे, म्हटल्यावर माणूस चूलच बांधणार.

ज्या भागात आमची ही मुले निघाली आहेत तिथे राबाई नावाचे गाव आहे. पूर्व आफ्रिकेतल्या प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ तिथला. १८४४ मध्ये जर्मन मिशनरी योहान क्रॅफ आपली तरुण पत्नी रोझीन हिच्यासह मोंबासाला उतरला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत ती बाळंतपणानंतर तापाने गेली. मागोमाग बाळही गेले. तिचे तिथले वर्ष काही महिन्यांतच संपले. पुढे त्याचा सहकारी मिशनरी योहान रेबमान आला आणि क्रॅफच्या बरोबरीने त्याने राबाईत ठाणे मांडले. तो पाव शतकाहून अधिक काळ तिथे राहिला, दृष्टी जवळजवळ गेल्यावर मायदेशी परतला, आणि आरंभीच्या कित्येक वर्षांत त्याच्या पदरी पडलेल्या बाप्तिस्म्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी होती. आमच्या पंचांच्या तक्त्यात रेबमान नापास झाला असता. त्याने त्या लोकांच्या भाषा शिकून शब्द जमवले, पण भाषेसाठी या तक्त्यात रकानाच नाही.

आणि राबाईत नेटाने काम केलेल्या माणसांपैकी काही गेली होती ती आपल्या नाशिकमधून! शरणपूर रोडवरून रोज गाड्या हाकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबते पकडत असे, त्यांतली सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतल्या अनेकांना शरणपूरच्या मिशन वसाहतीत आणले जाई. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकली. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर असे काही जण बायकांसह रेबमानच्या मदतीला राबाईला गेले. म्हणजे नाशिकहून केनियाला सेवेसाठी जोडप्याने जाण्याची रीत आमच्या पंचांनी आज सुरू केलेली नाही, तिला दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. शरणपूरचाच जेकब वेनराइट १८७३ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता. लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याने दफनाच्या प्रार्थना वाचल्या, मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता आणि पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी धरणाऱ्यांतही तो होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसले ते मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने, पण ते उभे करायला राबली ती शरणपुरात वाढलेली माणसे. साहेबांच्या कागदोपत्री ती प्रौढ झाल्यावरही ‘नासिक बॉइज’च राहिली. जोन्सला डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा मिळायला १८८५ साल उजाडले, म्हणजे राबाईत पाऊल ठेवल्यानंतर तब्बल एकवीस वर्षे. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला आणि उरलेला तांडा सांभाळून परत आणला तो याच जोन्सने.

ही माणसे वर्षभरासाठी गेली नव्हती, ही गोष्ट वेगळी, आणि तिची तुलना आमच्या मुलांशी करणे पूर्ण न्यायाचे नाही हे मला कळते. ज्यांना लहानपणी पळवून नेले होते ती आपल्याच किनाऱ्यावर परतत होती. आमची मुले रिटर्न तिकीट काढून चालली आहेत. पण शरणपूरच्या माणसांकडून एक गोष्ट घेता येईल. ती हातात कसब घेऊन गेली आणि पडेल ते काम करत राहिली.

पुन्हा त्या हॉलंडच्या जोडप्याकडे येते, कारण चुलीची गोष्ट सांगून थांबले तर तो अन्याय होईल. साहेबांनी चूल बांधली, पण मडमने काय केले ते मी सांगितलेच नाही. आल्यानंतर आठवडाभर ती नुसती बसून होती आणि कंटाळून तिने माझ्या आईला विचारले की मी काय करू. आईने तिच्यासमोर गॉजचे ठाण टाकले आणि कात्री दिली. त्या काळी तयार पट्ट्या येत नसत. गॉज मापाने कापायचा, कडांचे सुटे धागे आत जातील अशा घड्या घालायच्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, ड्रममध्ये रचायचे आणि ड्रम निर्जंतुक करायला पाठवायचा. कडेचा एक धागा बाहेर राहिला तर आई सगळी घडी मोडून परत करायला लावीत असे, मग समोर मडम असो की महाराणी. वर्षभर ती बाई व्हरांड्यात बसून घड्या घालत राहिली. शेजारी पेशंटच्या नातेवाईक बायका बसत, त्यांच्या बोलण्यातून ती आमच्याकडची मराठी उचलत गेली आणि मार्चपर्यंत “काय गं, पोरगं पितंय का अंगावर?” असे बाळंतिणीला विचारू लागली. तिचा एकही फोटो कुठे छापला गेल्याचे मला माहीत नाही. आई निवृत्त झाल्यावरही तिचे नाव काढायची. साहेबांचे नाव मात्र मला आईकडून पुन्हा ऐकल्याचे आठवत नाही.

तेही थोडे अपुरे आहे. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत साहेबांनी दवाखान्याचा बंद पडलेला स्टरिलायझर उघडला आणि कंपाउंडरच्या मुलाला शेजारी बसवून त्याचा व्हॉल्व्ह कसा काढायचा, गॅस्केट कुठून कापायची, हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले. ते गेल्यावर बरीच वर्षे तो स्टरिलायझर त्या मुलाने चालता ठेवला. पण हे त्यांना उमगले तेव्हा वर्ष संपत आले होते, आणि माझे सगळे म्हणणे इथेच आहे. हे पहिल्या महिन्यात का उमगू नये? पाठवणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच का सांगू नये की बाबांनो, स्वतःचे काही सुरू करू नका, तिथल्या सिस्टर जे काम टाकतील ते करा आणि पहिले सहा महिने आम्हाला काहीही दाखवू नका?

देणाऱ्यांना हिशेब हवा, असे पंच म्हणतील. हवाच. पैशांचा हिशेब पावतीसकट द्यावा, त्याला कुणाची ना नाही. त्यांच्या विमानभाड्यात तिथल्याच एखाद्या नर्सचा काही महिन्यांचा पगार निघाला असता, असेही मला आज एका शहाण्याने ऐकवले, आणि त्याचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणू शकत नाही. तो वाद जायचे ठरण्याआधी घालायला हवा होता. आता पीतज्वराची लस टोचून झाली, पिवळे कार्ड हातात आले. पण माणसांचा हिशेब? ‘निर्णय घेतलेले’ मोजून नाशिकला कळवायचे, हे त्या मंडळीच्या पाळकांना कळले तर त्यांना काय वाटेल? उद्या केनियाचे जोडपे येऊन आमच्या दारोदार फिरून आमचीच मोजदाद करू लागले तर हेच पंच त्यांना चहा तरी पाजतील का? आणि ती मुलांचे फोटो काढण्याची अट! ज्या नर्सला स्वतःच्या वॉर्डातल्या पेशंटचा फोटो काढायची मनाई असते, तिला परक्या देशातल्या दुखणाईत पोरांचे फोटो काढून पाठवायला सांगायचे, यात आपल्याला काहीच खटकत नाही का?

आता जरा राग उतरला आहे. खरे तर मला त्या दोघांची काळजी कमी आणि कौतुक जास्त आहे. परवा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तो पलंगावर पाने आणि पकडी मांडून बसला होता. दवाखान्यातले सक्शन मशीन सारखे बंद पडते हे त्याने आधीच विचारून घेतले होते. त्याचे मॉडेल कोणते आणि सील कुठल्या मापाचे लागतात हेही फोनवर विचारले होते. वीज जवळजवळ आपल्याइतक्याच व्होल्टची पण प्लग इंग्रजी पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे, म्हणून त्याने तशा पिनाही जमवल्या होत्या. तिने फ्रिजच्या दारावर स्वाहिली शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत आणि ‘कुठे दुखते’ हे ती आत्ताच न अडखळता विचारू शकते. या मुलांना काय करायचे ते समजलेले आहे, तक्ता देणाऱ्यांनाच ते समजलेले नाही.

म्हणून पंचांना जाहीर सांगते, कारण खासगीत सांगितलेले पुढच्या सभेपर्यंत विसरले जाते. तो तक्ता परत घ्या. त्याऐवजी तिथल्या सिस्टरना वर्षाअखेरीस एक पत्र लिहा आणि ही मुले कामाला आली की नाहीत ते त्यांनाच विचारा. उत्तर काहीही आले तरी ते मंडळीसमोर वाचून दाखवा. हे होणार नसेल तर माझ्या वाट्याचे अर्पण मी पेटीत न टाकता थेट त्या मुलीच्या खात्यात भरीन आणि तिच्याकडे एकही फोटो मागणार नाही.

दोघे गुरुवारी रात्री मुंबईहून निघत आहेत. मोंबासाकडे कुणाच्या ओळखीचे मराठी कुटुंब असेल तर मला मेसेंजरवर कळवा. त्याला तिखट लागते आणि तिने मसाला फक्त दीड किलोच बांधला आहे.