लिग्निनबरोबर पोटफुगीचाही विचार व्हावा

लसूणघास या चाऱ्यातील लिग्निन, म्हणजे झाडाला कडकपणा देणारा न पचणारा घटक, जनुकीय तंत्राने कमी करून पचनीयता वाढवण्याविषयीचा लेख वाचला; विवेचन उत्तम आहे. मात्र त्यात पोटफुगीचा साधा उल्लेखही नसावा, याचे नवल वाटले. कोवळा, रसरशीत घास उपाशी गाईने भराभर खाल्ला की त्यातील विद्राव्य प्रथिनांमुळे पोटात न फुटणारा फेस तयार होतो, वायू ढेकरेवाटे बाहेर पडत नाही आणि डावी कूस ढोलासारखी ताणली जाते. टॅनिन हा वनस्पतींतील तुरट घटक या प्रथिनांना बांधून ठेवतो, त्यामुळे फेस धरत नाही; पण लसूणघास किंवा पांढऱ्या क्लोव्हरच्या (चाऱ्याचीच एक शेंगवर्गीय वनस्पती) पानांत टॅनिन जवळजवळ नसतेच. न्यूझीलंडच्या ‘अ‍ॅगरिसर्च’ संस्थेतील शास्त्रज्ञांनी क्लोव्हरच्याच एका रानटी भावंडातील टॅनिननिर्मिती सुरू करणारे जनुक पांढऱ्या क्लोव्हरमध्ये घातले आणि पानांत टॅनिन उतरवले. गोठ्यात रोज वावरणाऱ्या माझ्यासारख्याला हे काम अधिक मोलाचे वाटते.