आधी दगड कापा, मग शेगडी आणा

नवीन स्वयंपाकघर करताय? छान. मग पहिलं काम म्हणजे घरात जे कोणी रोज रांधतं, त्याला घरीच ठेवा आणि बाकी सगळ्यांनी मिळून शोरूम गाठा. ओटा डोळ्यांनी निवडायचा असतो. त्यात कंबर, खांदे आणि मनगटं यांना मत विचारलं की निर्णयच होत नाही.

तिथे तुम्हाला तळहाताएवढा तुकडा हातात देतील. त्यावरून अख्ख्या ओट्याची कल्पना करा. शोरूममधल्या पिवळसर दिव्याखाली तो मोत्यासारखा दिसतो आणि घरच्या ट्यूबखाली आजारी दिसतो. पण त्यात दगडाचा काय दोष? ट्यूब बदला.

पांढराशुभ्र संगमरवर मनात भरला असेल तर जरूर घ्या, फक्त लिंबू बाहेर जाऊन चिरा. आंबट काहीही सांडलं की संगमरवरातला चुना त्याच्याशी भिडतो आणि तिथली चकाकी जाते. मग तुम्ही घासत बसता. घासून काही होत नाही, कारण तो डाग नसतोच. तेवढा दगड खाल्ला गेलेला असतो.

ग्रॅनाइट मात्र चुकूनही घेऊ नका. त्यावर तापलेलं भांडं ठेवलं तरी चालतं, सुरीने सहसा चरा पडत नाही, अधूनमधून सीलरचा हात फिरवला की वर्षानुवर्षं टिकतं. असल्या वस्तूचं कौतुक कोण करणार? शिवाय ते शेजाऱ्यांकडे आहे.

म्हणून सगळ्यांसारखं क्वार्ट्झ घ्या, म्हणजे क्वार्ट्झची पूड राळेने बांधून केलेला कृत्रिम दगड. विक्रेता म्हणेल, “याला काहीही होत नाही.” हे वाक्य त्याच्याकडून लिहून मागू नका, उगाच त्याचा चेहरा पडतो. वॉरंटीचा कागद उघडलात तर बारीक अक्षरात उष्णतेने झालेलं नुकसान अलगद बाहेर काढून ठेवलेलं सापडेल. क्वार्ट्झची पूड उष्णतेला भीत नाही, पण ती बांधून ठेवणारी राळ भिते. साधारण 150 अंशांच्या पुढे ती पिवळी पडू लागते, आणि एकाच जागी एकदम ताप बसला तर अख्खी लादीही तडकू शकते. शेगडीवरून उतरवलेलं तेलाचं भांडं याहून गरम असतं. पण स्वयंपाकघरात गरम भांडी येतील हे कोणाच्या ध्यानात यावं!

ओट्याची उंची? जी ‘स्टँडर्ड’ असेल ती. उभं राहून कोपर वाकवायचं, कोपरापासून 10 ते 15 सेंटीमीटर खाली खूण करायची, ही मोजणी अर्ध्या मिनिटात होते, म्हणूनच ती कोणी करत नाही. पाठदुखी पुढे सावकाश येते.

चिमणी नळी नसलेलीच बसवा. नळीने भिंतीची शोभा जाते, असं डिझायनर सांगतो, आणि भिंत महत्त्वाची आहेच. बिननळीची चिमणी हवा आत ओढते, तेलाचा अंश जाळीत अडकवते, थोडा वास कोळशाच्या फिल्टरमध्ये ठेवून घेते आणि वाफ व उष्णता जशीच्या तशी तुमच्या तोंडावर परत सोडते. तो कोळसा ठरावीक काळाने बदलावा लागतो हेही कोणी सांगत नाही. एवढा आवाज होतोय म्हणजे काम चालू आहे, असं समजायचं.

फ्रिज भिंतीला घट्ट चिकटवा. दार काटकोनात उघडलं म्हणजे उघडलं. आतला भाजीचा खण बाहेर यायला दार त्याहून जास्त उघडावं लागतं, पण खण कोण रोज धुतंय?

इंडक्शन घ्या, भांडी कोणती चालतात ते नंतर कळतं.

ओव्हनला वाय-फाय हवंच.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. उपकरणं शेवटी घ्या. आधी ओटा मापून, कापून, चिकटवून घ्या आणि मग हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, निवडायला निघा. प्रत्येक मॉडेलचं कटआउट, म्हणजे दगडात पाडायच्या भोकाचं माप, वेगळं असतं आणि ते त्याच्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. पण मिलिमीटर हे घाबरट लोकांसाठी. किंवा माझ्यासारखं करा. आधी हॉब ठरवा, मॉडेलचा नंबर लिहून द्या, त्याच मापाने कारखान्यात दगड कापून घ्या. मग दुकानदार न विचारता दुसराच हॉब पाठवतो आणि फोनवर म्हणतो, “तो स्टॉकमध्ये नव्हता, हा त्याहून भारी आहे.” भारी होता. मोठाही होता. भोकात बसत नव्हता.

“काळजी करू नका, जागेवर कापून देतो,” दगडवाला म्हणाला. एक पोरगा कटर घेऊन आला. पाणी नाही, धूळ ओढायचं यंत्र नाही. नाकावर रुमाल बांधला आणि त्याने चाक लावलं. दोन मिनिटांत समोरचा माणूस दिसेना. मी “पाणी मारा” म्हणून ओरडलो, तर दगडवाला म्हणतो, “पाण्याने कपाटांचं प्लायवुड खराब होईल.” म्हणजे प्लायवुडची काळजी आहे! फुप्फुसाची नाही, कारण फुप्फुस कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

या क्वार्ट्झच्या दगडात नव्वद टक्क्यांच्याही वर सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, असू शकते. ग्रॅनाइटमध्ये त्याहून बरीच कमी, संगमरवरात अगदी थोडी. तो कोरडा कापला की जी धूळ उडते तिच्यातला सगळ्यात घातक भाग डोळ्यांना दिसतच नाही. तो हवेत तरंगत राहतो, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि तिथे वण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून येत नाही. रुमालाने जाड कण अडतात, हे कण नाही. ही काही नवी बातमी नाही. ऑस्ट्रेलियात हा दगड कापणारी तरुण माणसं इतकी आजारी पडली की 1 जुलै 2024 पासून त्या देशाने तो बनवणं, विकणं आणि बसवणं यावर बंदीच घातली. आणि इथे माझ्या घरात, चुकीचा हॉब आला म्हणून, विशीतलं पोरगं ती पूड नाकाने ओढतंय.

नाही, आता सल्ला वगैरे पुरे. दगडवाल्यांनो, ओला कट मारायला तुम्हाला कोणी अडवलंय? पाण्याची धार चाकावर सोडायची, धूळ ओढणारं यंत्र लावायचं, मुलाच्या तोंडावर बरोबर बसेल असा मास्क द्यायचा. हे तुम्हाला माहीत नाही असं सांगू नका, कारखान्यात तुम्ही पाण्यावरच कापता. ग्राहकाच्या घरी आलं की तेवढं विसरता. आणि दुकानदारांनो, मागितलेला हॉब नसेल तर नाही म्हणून सांगा, माणूस थांबेल. तुमचा स्टॉक खपावा म्हणून कोणाच्या छातीत दगड का भरायचा?

आणि तुम्ही, घरमालक! धूळ नको म्हणून स्वतः आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसता ना? दाराच्या फटीला ओलं फडकं लावता. म्हणजे धूळ वाईट आहे हे तुम्हाला चांगलं कळतं. मग बाहेर या आणि कटर बंद करायला सांगा. लादी उचलून कारखान्यात न्यायला लावा. काम लांबेल, सुतार वैतागेल, पाहुण्यांना तारीख बदलून सांगावी लागेल. सांगा.