ऑक्टोपसचं फार्म आणि 'समुद्र वाचेल'चा हिशोब

सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, आज तिसऱ्यांदा आला म्हणून लिहायला बसले. त्यात म्हटलंय की स्पेनमध्ये ऑक्टोपसचं फार्म सुरू झालंय, आता समुद्रातले पकडायची गरजच नाही, समुद्र वाचेल, तसाही तो गोगलगायीचा भाऊबंद, त्याला काय कळतंय, आणि असं एखादं कोकणात आणलं तर पोरांना कामं मिळतील. आधीच सांगते, मी पक्की मासेखाऊ आहे, त्यामुळे "तुम्ही शाकाहारी लोक" वगैरे सुरू करू नका.

'सुरू झालंय' म्हणे. न्यूएवा पेस्कानोव्हा नावाच्या कंपनीने कॅनरी बेटांवर लास पाल्मासच्या बंदरात फार्म काढायचा प्लॅन केला, वर्षाला ३००० टन, म्हणजे साधारण १० लाख ऑक्टोपस. त्याची कागदपत्रं २०२३ मध्ये बाहेर आली आणि जगभर बोंब झाली. प्लॅन म्हणजे फार्म नव्हे.

आता 'समुद्र वाचेल'. अहो, ऑक्टोपस खातो काय? खेकडे, शिंपल्या, मासे. त्याला कोंडा घालून चालत नाही. १ किलो ऑक्टोपस वाढवायला त्याच्या तिप्पट खाद्य लागतं असा अंदाज आहे आणि ते खाद्य बहुतेक समुद्रातूनच येणार, म्हणजे तीन किलो काढायचं, एक किलो बनवायचं, आणि म्हणायचं वाचवलं! यावर फॉरवर्डवाल्यांकडे उत्तर तयार असतं की वाया जाणारी मासळीच घालतील. भाऊच्या धक्क्यावर पहाटे जाऊन बघा, त्या 'वाया' ढिगात बोटभर पापलेटं असतात, तेच पापलेट ज्याला सरकारने २०२३ मध्ये राज्यमासा केलंय. आणि तारली-मांदेली काय वाया असते का, आमच्याकडे तर त्याच्यावर जेवण होतं. दुसरं, शेती आली की पकड थांबते हे कुठे झालंय? आंध्रात कोळंबीचे एवढे तलाव झाले, म्हणून ट्रॉलर घरी बसले का? उलट माल स्वस्त होतो, खाणारे वाढतात. टाक्यांमधली घाण, उरलेलं खाद्य, ते पाणी शेवटी समुद्रातच सोडायचं हा भाग तर फॉरवर्डमध्ये नाहीच (मिठी नदी रोज बघणाऱ्यांना हे मी काय समजावणार).

'त्याला काय कळतंय' याच्यावर मला जास्त बोलायचंय. मागे एकदा धक्क्यावर एका मावशीच्या टबात माकुलासोबत एक छोटा ऑक्टोपस आला होता, जिवंत. मी बोट लावलं तर त्याने एक हात हळूच बोटाभोवती गुंडाळला, त्या बारीक बारीक चकत्या एकेक करून चिकटताना कळत होत्या, आणि अंगावरचा रंग तपकिरीचा पांढरट झाला. मावशी म्हणाली, "बघतोय तो तुला." आता हे काही सायन्स नाही, मान्य. सायन्स हवं असेल तर त्याला जवळपास ५० कोटी न्यूरॉन (म्हणजे मज्जापेशी) असतात आणि त्यातले दोन तृतीयांश हातांमध्ये. ब्रिटनने २०२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या टीमकडून अभ्यास करून घेतला, त्यांनी शेकडो पेपर चाळले आणि सांगितलं की याला वेदना जाणवतात याचा पुरावा भक्कम आहे, आणि त्याला नीट वागवून त्याची शेती करणं जमणारच नाही. प्राण्यांना नीट वागवण्याबद्दलच्या २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात म्हणूनच तो आला. तुमची गोगलगाय त्यात नाहीये, काका.

'कोंबड्या पाळतो, मग हे का नाही?' कोंबडी निदान कळपातली. हा एकटा राहणारा प्राणी, दाटीत ठेवला तर एकमेकांना खातो, आणि त्या प्लॅनमध्ये एका टाकीत बरेच एकत्र ठेवायचे होते, शिवाय १० ते १५ टक्के मरतील हे धरूनच. मारायची पद्धत काय, तर उणे ३ अंशाच्या बर्फाळ पाण्यात बुडवायचं, ज्यात जीव हळूहळू जातो. कोंबड्यांचे पिंजरे वाईट आहेत हे मलाही मान्य आहे, पण एक चूक आधीच चालू आहे म्हणून दुसरी नव्याने सुरू करायची हे कुठलं लॉजिक? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये फार्म सुरू व्हायच्या आधीच बंदी घातली.

रोजगाराचं काय, कोकणातल्या पोरांना कामं हवीतच, पण तीन किलो मासळी खाद्याला गेली तर ती कोणाच्या जाळ्यातून जाणार हे आधी कोळीवाड्यात विचारा.

आणि त्या फॉरवर्डसोबतचा तो व्हिडिओ. समुद्रात तरंगणारे गोल पिंजरे दाखवलेत ना, तसे सॅल्मन माशाचे असतात. लास पाल्मासचा प्लॅन बंद इमारतीतल्या टाक्यांचा होता. ऑक्टोपसच्या अंगात चोच सोडली तर कडक काही नसतं, चोच मावेल एवढी फट मिळाली की तो बाहेर. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या ॲक्वेरियममधून इंकी नावाचा एक असाच टाकीतून निघाला आणि ड्रेनच्या पाइपातून थेट समुद्रात गेला. तुमच्या त्या जाळीच्या पिंजऱ्यात तो किती वेळ बसेल?