"फुटपाथसाठी निधीच नसतो" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एकदा हे वाचा

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला, आधी ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या सोसायटी ग्रुपवर, मग मुलाच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, आणि परवा ऐरोलीच्या मावशीकडून, म्हणजे खाडी ओलांडून नवी मुंबईतही पोचला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "फुटपाथ आणि सायकल ट्रॅकसाठी अर्ज-बिर्ज करण्यात वेळ घालवू नका. एक, चालणाऱ्यांसाठी सरकारचा फंडच नाही. दोन, जो होता तो स्मार्ट सिटीचा, तो संपला. तीन, सामान्य माणसाला अर्ज करताच येत नाही, कन्सल्टंट लागतो. चार, सायकलवाले आणि चालणारे टॅक्स भरत नाहीत, त्यांच्यावर खर्च का. पाच, ट्रॅक बांधला की त्यावर गाड्याच लागतात, पैसे पाण्यात." आणि खाली, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, त्यातली निम्मी चीड माझीही आहे, मी रोज सकाळी मुलाचं दप्तर एका खांद्यावर आणि त्याचा हात दुसऱ्या हातात धरून रिक्षांच्या मधून शाळेत जाते. पण शाळेच्या रस्त्यावरच्या फुटपाथसाठी आम्ही पालिकेत जो अर्ज करतोय, त्यावर सही करणार होते त्यातले तिघं या मेसेजमुळे थांबले, "काही उपयोग नाही ना वहिनी" म्हणाले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिला मुद्दा, फंडच नाही. हे अर्धंच खरं आहे. "पादचारी योजना" अशा नावाची केंद्राची कायमची योजना शोधायला गेलात तर खरंच हाती काही लागत नाही. पण चालण्याचा पैसा दुसऱ्या नावांखाली असतो आणि ती नावं माहीत नसली की आपल्याला वाटतं काहीच नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्यातल्या १३१ शहरांत ठाणे आहे आणि नवी मुंबईही आहे. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ या काळासाठी दहा लाखांवरच्या शहरांना हवा सुधारण्यासाठी म्हणून देशभरात १२,१३९ कोटी रुपये वेगळे ठेवले होते. हवेच्या पैशातला मोठा भाग रस्त्यावरची धूळ आवरण्यावरच गेला, झाडूच्या मशिनी, पाण्याचे फवारे वगैरे. आता धूळ कुठून उठते बघा ना, रस्त्याच्या कडेच्या उघड्या मातीतून, जिथे फुटपाथ असायला हवा होता आणि नाहीये तिथून. म्हणजे कडेपर्यंत पक्का फुटपाथ हे धुळीचंच काम आहे, आणि शहराच्या हवेच्या आराखड्यात चालणं-सायकल यांची कामं बसतात. हे कोणी मांडलं तर मिळणार ना.

राज्याचं पर्यावरणासाठीचं माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून आहे, त्यात वायू या घटकात शहरांना गुण मिळतात. आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, खासदारांचाही ५ कोटी. जिल्ह्याच्या विकासकामांचा आराखडा करणारी जिल्हा नियोजन समिती आहे. आणि सगळ्यात मोठं, ज्याचं नावच मेसेजमध्ये नाही, ते म्हणजे महापालिकेचं स्वतःचं बजेट. फुटपाथचं बहुतेक काम तिथूनच होतं, बाहेरचं अनुदान हा वरचा भाग. बाहेरचं अनुदान मिळालं तरी बऱ्याच योजनांत शहराला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनमध्ये केंद्राइतकीच रक्कम राज्य आणि पालिका मिळून घालायची होती. २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये जाहीर झालेला १ लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड तर प्रकल्पाच्या २५ टक्क्यांपर्यंतच देतो, किमान ५० टक्के बाँड, बँकेचं कर्ज किंवा खाजगी भागीदारीतून उभे करा म्हणतो. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या फुटपाथसाठी मी त्याच्याकडे बघतच नाही.

दुसरा मुद्दा, स्मार्ट सिटी संपली. हो संपली, ३१ मार्च २०२५ ला. ठाण्याची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली होती. पण नवी मुंबईचं उदाहरण बघा. तिथल्या महासभेने २०१५ मध्येच स्मार्ट सिटीचा प्रस्ताव फेटाळला होता, म्हणजे त्या मिशनचा पैसाच नाही, तरी नोव्हेंबर २०१८ मध्ये भाड्याच्या युलू सायकली तिथे सुरू झाल्याच. मावशी अजून सांगते की पोरं सकाळी स्टेशनपर्यंत त्यावरच जायची. आणि २०२० मध्ये केंद्राने सायकल्स फॉर चेंज म्हणून चॅलेंज काढलं तेव्हा ते फक्त स्मार्ट सिटींना नव्हतं, राजधान्या आणि ५ लाखांवरची शहरंही त्यात येऊ शकत होती. शेवटी जी ११ शहरं निवडली गेली त्यात आपल्या राज्यातली दोन, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर. या शहरांनी आधी लोकांना विचारलं, सर्व्हे केला, रंग आणि प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन लावून तात्पुरता ट्रॅक करून बघितला, मग पक्क्या कामाकडे गेले. योजना येतात, संपतात, नावं बदलून परत येतात. त्या दिवशी कोणाकडे तयार कागद आहे याला महत्त्व आहे.

आता तिसरा मुद्दा, सामान्य माणसाला अर्ज करता येत नाही. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे आम्ही स्वतः चुकलो आणि शिकलो.

केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेत अर्जदार पालिकाच असते, तुम्ही-आम्ही नाही, एवढं मेसेजमधलं बरोबर आहे. खासदार निधीतही पैसा खासदारांच्या हातात येत नाही, ते कामाची शिफारस करतात आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. पण पालिकेने काय मागावं, खासदार-आमदारांनी कशाची शिफारस करावी, हे कोणाच्या तरी कागदावरूनच ठरतं, आणि तो कागद आपण देऊ शकतो. त्याला कन्सल्टंट लागत नाही.

आमचा पहिला अर्ज दीड पानांचा होता. मुलांचा जीव धोक्यात आहे, वृद्धांचे हाल होतात, तरी आपण त्वरित लक्ष घालावे, खाली ६२ सह्या. मनापासून लिहिला होता. चार महिन्यांनी एका कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं की सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. मला रडू आलं होतं खरं सांगते. मग दुसऱ्या एका कार्यालयात एका तरुण ज्युनिअर इंजिनिअरने अर्ज नीट वाचला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही यात मागणी लिहिलीये, काम लिहिलेलं नाहीये." मग त्याने पाच मिनिटांत समजावलं की त्याला अंदाजपत्रक करायचं असेल तर रस्ता कोणाचा, कुठून कुठपर्यंत, किती मीटर, रुंदी किती, मधे काय काय अडथळे, एवढं लागतं. अंदाजपत्रक झालं की तांत्रिक मंजुरी, मग प्रशासकीय मंजुरी, बजेटच्या लेखाशीर्षात (म्हणजे त्या खर्चाच्या खात्यात) तरतूद, निविदा, वर्क ऑर्डर. पहिली पायरीच नसेल तर पुढचं सगळं अडतं, निधी कितीही असला तरी.

मग एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही चौघं टेप घेऊन उतरलो. मी, माझा नवरा, दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा आणि तळमजल्यावरच्या काकू, ज्या काठी घेऊन चालतात आणि ज्यांनी स्वतःच "मी येणार" म्हटलं. शाळेच्या गेटपासून नाक्यापर्यंत ३४० मीटर. कागदावर दोन मीटरचा फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. आम्हाला विजेच्या डीपीपाशी ७० सेंटिमीटर मिळाले, पुढे झाडाच्या कट्ट्यापाशी ५५. तिथे काकू आडव्या होऊन, पदर सावरून, भिंतीला हात लावत सरकल्या आणि पलीकडे गेल्यावर म्हणाल्या, "हे पण लिही गं, मी कशी गेले ते." लिहिलं. एका सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ तुटतो तिथे कडेची उंची २८ सेंटिमीटर निघाली, काकूंना दोघांनी धरून उतरवलं. पाच जागा अशा, प्रत्येकीचा फोटो, फोटोत टेप दिसेल असा.

दुसऱ्या अर्जात सह्या फक्त अकरा होत्या पण सोबत हाताने काढलेला नकाशा होता, पाच जागांची मापं, प्रत्येक ठिकाणी नेमकं काय करायचं ते (डीपी हलवायची नाही, तो खर्च मोठा, तिथे फुटपाथच रस्त्याकडे थोडा बाहेर घ्यायचा, हे त्या मुलाने सुचवलं), आणि रस्ता कोणाचा याचा लेखी पुरावा. तो आम्ही माहितीच्या अधिकारात मिळवला, १० रुपये फी, कायद्याने ३० दिवसांची मुदत. ही पायरी चुकवू नका. ठाण्यात महापालिका, पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं), एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेशाचं विकास प्राधिकरण), आणि नवी मुंबईत शिवाय सिडको (नवी मुंबई वसवणारं महामंडळ) आणि एमआयडीसी (औद्योगिक वसाहतींचं महामंडळ), एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोघांच्या असू शकतात. घोडबंदर रोडला सर्विस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं काम निघालं तिथे चालणाऱ्याची जागा कुठे हे विचारायचं तरी कोणाला, हेच आधी शोधावं लागतं.

अजून एक, वेळ. पालिकेचं बजेट साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, खात्यांकडून आकडे त्याच्या दोन-तीन महिने आधी गोळा होतात. आमचा पहिला अर्ज एप्रिलमध्ये गेला होता, म्हणजे सगळ्यात चुकीच्या महिन्यात. दिवाळीच्या आसपास द्या. पुण्यात तर २००६-०७ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामं बजेटसाठी सुचवायची अशी रीतसर पद्धत आहे, आपल्याकडेही हे मागायला हवं.

चौथा मुद्दा, टॅक्स. हा मला सगळ्यात जास्त लागला कारण आमच्याकडे काम करणाऱ्या ताई लोकमान्यनगरहून चालत येतात आणि त्या टॅक्स भरत नाहीत असं कोणी म्हणावं हे सहन होत नाही. गाडी घेताना आपण भरतो तो मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. गल्लीतला रस्ता पालिका करते, तिच्याकडे मालमत्ता कर येतो, जो भाडेकरूही भाड्यातून भरतो, आणि जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे पालिकेचे जुने कर गेल्यावर २०१७ पासून राज्याकडून जीएसटीच्या भरपाईचं अनुदान येतं. ताई साबण घेतात तेव्हा त्यात जीएसटी असतो. रस्ता त्यांचाही आहे. आणि चालणारे मूठभर नाहीत, एमएमआरडीएच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात मुंबई महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होत्या. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यानंतर "यांच्यावर खर्च का" हा प्रश्न उरतच नाही.

पाचवा मुद्दा, गाड्या लागतात, पैसे पाण्यात. असे ट्रॅक आहेत, मी पण बघितलेत, आणि चुकीच्या जागी बांधला तर काय होतं हे पवईला दिसलं, तलावाकाठचा सायकल ट्रॅक हायकोर्टाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, जागा पूर्ववत करा म्हणाले. पण यावरून निघतं एवढंच की जागा नीट निवडा आणि देखभाल प्रस्तावातच लिहा. फुटपाथवर बाइक चढते ती जिथे रॅम्प मोकळा सोडलाय तिथे, मधे खांब असे लावायचे की व्हीलचेअर जाईल आणि बाइक जाणार नाही. अनुदान बांधायला मिळतं, पुढच्या पाच वर्षांचे फुटलेले ब्लॉक बदलायला सहसा मिळत नाही, म्हणून ती तरतूद पालिकेच्या बजेटमध्ये त्याच वेळी मागायची. आम्ही आमच्या अर्जात हे दोन ओळीत घातलंय. पुण्याचा जंगली महाराज रस्ता बघून या एकदा, रुंद फुटपाथ आहे, बसायला जागा आहे, संध्याकाळी आजी-आजोबा बसलेले असतात.

आमचं काम अजून मंजूर झालेलं नाही, हे खोटं सांगणार नाही. पण अंदाजपत्रक तयार झालंय, त्याचा जावक क्रमांक माझ्या वहीत आहे, आणि आमदार निधीसाठी हीच मापं जोडून वेगळं पत्र दिलंय. जे तिघं सही करायचे थांबले होते त्यांना मी हे सगळं पाठवतेय. येत्या रविवारी साडेसहाला रस्त्याची दुसरी बाजू मोजायची आहे, काकू येणार आहेत, वही आहे, टेप आहे, टेपचं दुसरं टोक धरायला एक जण हवाय.