ड्रॉवरमधली मेलेली विजेरी

परवा रात्री दिवे गेले तेव्हा आई बाथरूममध्ये होती. "आई, हलू नकोस, आलोच," असं ओरडत मी ड्रॉवर उघडला, टॉर्च काढली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तळहातावर दोनदा आपटली (हा उपाय आपल्याला कोण शिकवतं देव जाणे). तरी ढिम्म. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. भिंत चाचपडत निघालो तर पायाची करंगळी पलंगाच्या कोपऱ्यावर. शेवटी आईच आतून म्हणाली, "अरे, दिसत नसेल तर नको येऊस. मी थांबते."

सकाळी टॉर्च उघडायला घेतली. मागचं झाकण फिरेना. पक्कडीने धरून पिळलं तेव्हा कुरकुरत निघालं आणि टेबलावर पांढरी भुकटी सांडली. एक सेल घरंगळत बाहेर आला, दुसरा नळीला घट्ट चिकटलेला. स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर गंजलेली स्प्रिंगच हातात आली. आणि गंमत म्हणजे दोन्ही सेल वेगळ्या कंपन्यांचे. एक भिंतीवरच्या घड्याळातला, वापरलेला. तो घालणारा शहाणा मीच.

एक जुना, एक नवा सेल घातला की जुना आधी रिकामा होतो, पण नवा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो. रिकामा सेल उलटा चार्ज व्हायला लागतो, आत गॅस साठतो आणि सेल गळतो. अल्कलाइन सेलमधून बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हवा लागली की त्याचीच ती पांढरी भुकटी होते. उघड्या हाताने पुसू नका, आग होते. हातमोजे घालून, थोडं व्हिनेगर लावलेल्या कापसाने साफ होतं. माझी टॉर्च मात्र गेली ती गेलीच.

मग नवीन घ्यायला बसलो आणि चक्रावलो. स्वस्तातल्या टॉर्चवर "१०००० लुमेन" छापलेलं! (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप.) अहो, जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब १३०० ते १६०० लुमेन द्यायचा. दोन पेन्सिल सेलवर तसले सहा-सात बल्ब पेटणार आहेत का? जो माणूस आकड्यात एवढा खोटं बोलतो, त्याने आतली तार तरी धड जोडली असेल कशावरून? असा आकडा दिसला की मी पुढे जातो. त्यापेक्षा खोक्यावर 'एएनएसआय एफएल१' लिहिलंय का बघा. टॉर्चचा उजेड वगैरे मोजायची ही २००९ पासूनची ठरलेली पद्धत आहे. पण तिच्यातही एक मेख आहे. "१० तास चालते" म्हणजे १० तास सारखाच उजेड नव्हे. टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी जेवढा उजेड असतो, त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा तो वेळ.

आणि घरात एवढा उजेड हवाय कुणाला? पायऱ्या उतरायला, फ्यूज बघायला २०-३० लुमेन पुष्कळ झाले. डोळे अंधाराला सरावले की पाचातही भागतं. उलट झगझगीत झोत जवळच्या पांढऱ्या भिंतीवर पडला की आपणच आंधळे होतो. खोलीभर उजेड हवा असेल तर टॉर्च उभी करून झोत छतावर सोडायचा. म्हणून मंद उजेडाची सोय मला फार महत्त्वाची वाटते, आणि पहिल्याच दाबाला तीच लागावी. पाच वेळा दाबल्यावर मधेच लुकलुकणारा एसओएस, म्हणजे मदतीचा इशारा, लागतो, तो प्रकार घाबरलेल्या माणसाच्या हातात नकोच.

चार्जिंगवाली घ्यावी का? रोज वापरत असाल तर जरूर घ्या. ड्रॉवरमध्ये पडून राहणार असेल तर मी घेणार नाही. स्वस्त चार्जिंग टॉर्चमध्ये बऱ्याचदा छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते. ती काही महिने रिकामी राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि मग कितीही चार्ज करा, दहा मिनिटांत मान टाकते. लिथियमवाल्यांतही '१८६५०' या आकाराच्या सेलवर "९९०० एमएएच" लिहिलेलं असतं (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). त्या आकाराच्या चांगल्या सेलची मजल ३५०० च्या आसपास असते, बाकी सगळं छपाईचं सामर्थ्य.

"मोबाइलला टॉर्च असते की," असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. दिवे कधी येतील माहीत नसताना तुम्हाला मोबाइलची बॅटरी फरशी बघायला जाळायची आहे, की फोन करायला राखायची आहे?

तर मी काय घेतलं? एकाच पेन्सिल सेलवर चालणारी, एका बटणाची, ॲल्युमिनियमची साधी टॉर्च. आयपीएक्स४ आहे, म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतात. झोत लांब-आखूड करणारी भिंग सरकवायची टॉर्च टाळली, त्या फटीतून पाणी आणि धूळ जाते. एक भारी घेण्याऐवजी सारख्याच दोन घेतल्या. एक पलंगाशी, एक बाथरूमच्या दाराबाहेर खिळ्याला. सेल आत ठेवले नाहीत, नळीलाच रबरबँडने बांधलेत. अंधारात घालायला दहा सेकंद जास्त लागतील, पण भुकटी होणार नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी लिथियमचे, चार्ज न होणारे पेन्सिल सेल आत घालावेत. महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि सहसा गळत नाहीत.

हां, गॅसचा वास येत असेल तर टॉर्चसुद्धा तिथे लावायची नाही. बाहेर पडायचं आणि मग लावायची.

काल दिवे मालवून आईला शोधायला लावली. खिळ्यावरची लगेच सापडली. रबरबँड काढून सेल घातला, तोही पहिल्या खेपेला उलटा. मग म्हणाली, "बटण जरा कडक आहे रे."